विजेने पीसी उडाला: जुनाच उभा करायचा, रिफर्बिश्ड घ्यायचा की नवा सेट जोडायचा?

आमच्या घरचा पीसी २०२५ च्या मे मध्ये वळवाच्या पावसात गेला आणि सांगलीच्या भाचीचा त्याच वर्षी ऑक्टोबरात परतीच्या पावसात, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा मी हाच हिशोब मांडून बसलो आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं. पहिल्या वेळी तर आधी चुकीचं उत्तर काढून जवळजवळ सहा हजार घालवले, मग बरोबर काढलं. आता ओळखीतलं कोणीही "वीज पडली, पीसी बंद पडला, काय घेऊ" असं विचारलं की मला परत सगळं सांगत बसावं लागतं, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

वीज आमच्या घरावर नाही पडली, मागच्या शेतात कुठेतरी पडली. पीसी बंद होता, भिंतीवरचं बटणही बंद होतं, पण प्लग स्विचबोर्डातच होता आणि केबलवाल्याने खांबावरून आणलेली इंटरनेटची लॅन वायर थेट पीसीच्या मागे खोचलेली होती. बटण एकाच तारेला तोडतं, दुसरी जोडलेलीच राहते, आणि लॅनच्या वायरला तर बटणच नाही. लख्ख उजेड, कडाका, आणि राऊटरच्या बाजूने करपल्याचा वास. दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर पीसीचं बटण दाबलं तर पंखा अर्धा सेकंद हलला आणि गप्प.

आधी जिवंत काय आहे ते बघा

सगळे पहिला प्रश्न "कुठला घेऊ" हाच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न "वाचलंय काय" हा आहे, आणि दुसरा "जे वाचलंय ते कुठल्या पिढीचं आहे". या दोन उत्तरांतच निम्मा निर्णय होऊन जातो.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा आतला डबा, वाचला असला तरी तो मेला असंच धरा. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवतात ना दुकानात, त्यावरून फक्त तो चालू होतो एवढंच कळतं. मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्टच्या लाईनवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये आणि ५ च्या लाईनवर ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये यायला पाहिजे, पण तेही लोड नसताना बरोबर येतं आणि लोड आला की कोसळतं असं होऊ शकतं. विजेचा झटका खाल्लेल्या एसएमपीएसवर नवा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड म्हणतो) लावणं म्हणजे नवीन बैल जुन्या मोडक्या गाडीला जुंपणं. तपासायला ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस दोन तास मागून आणा, आणि तो उघडून दुरुस्त करायच्या फंदात घरी तर अजिबात पडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

मग बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवायचा, त्यावर फक्त प्रोसेसर, पंखा आणि रॅमची एकच स्टिक. हार्डडिस्क नाही, लॅन नाही, ग्राफिक कार्ड नाही. डिस्प्ले आला तर एकेक वस्तू वाढवत जायची. साधारण बोर्ड आणि एसएमपीएस पुढे असतात म्हणून तेच मार खातात, प्रोसेसर आणि रॅम बऱ्याचदा वाचतात. आणि मॉनिटर विसरू नका, झटका एचडीएमआयच्या वायरमधूनही पुढे जातो. माझ्या मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट गेला होता आणि व्हीजीए चालू होता, आणि मी दोन दिवस बोर्डाच्या नावाने बोंब मारत बसलो होतो.

हार्डडिस्क मात्र घाईने लावून बघू नका, विशेषतः आत लग्नाचे फोटो वगैरे असतील तर. खालचं हिरवं सर्किट जळलं असेल तर "त्याच मॉडेलचं सर्किट बदलून देतो" म्हणणारे भेटतात, पण बऱ्याच डिस्कमध्ये त्या सर्किटवरच्या छोट्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची माहिती असते, ती चिप काढून नव्यावर बसवावी लागते. नुसतं सर्किट बदलून काम होत नाही. ज्याला हे माहिती आहे त्याच्याकडेच द्या.

रिपेअर

यावर फार वेळ घालवत नाही. फक्त लॅनचा पोर्ट गेला असेल आणि बाकी सगळं चालत असेल तर बोर्ड रिपेअरला देऊच नका, पाचशेच्या आसपास लॅनचं कार्ड किंवा यूएसबीचा वायफाय डोंगल मिळतो, तो लावा आणि मोकळे व्हा. वायफायचा अजून एक फायदा, पुढच्या वेळी लॅनच्या वायरीतून येणारा झटका राऊटरपाशी थांबतो, पीसीपर्यंत वायरच नाही. आणि बोर्ड पूर्ण डेड असेल तर मला चिप लेव्हल रिपेअरचे अडीच हजार सांगितले होते, वॉरंटी एक महिना, तीही "चाललं तर". दहा वर्षं जुन्या बोर्डासाठी म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. बोर्ड महागातला आणि दोन-तीन वर्षांचाच असेल तर विचारून बघायला हरकत नाही, पण कंपनीच्या वॉरंटीची आशा धरू नका, वीज आणि जास्त व्होल्टेजने झालेलं नुकसान त्यात साधारण धरतच नाहीत.

जुन्याच पिढीचा बोर्ड, म्हणजे माझी चूक

माझ्याकडे इंटेलचा आय५ ४४६० प्रोसेसर होता, चौथी पिढी, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) बोर्ड, डीडीआर३ म्हणजे जुन्या प्रकारची रॅम. प्रोसेसर आणि रॅम वाचलेत असं दिसलं. आता असल्या जुन्या सॉकेटचे (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) बोर्ड मोठ्या कंपन्या बनवत नाहीत, पण एच६१, एच८१, एच११० असे चिपसेट टाकलेले लोकल ब्रँडचे नवे बोर्ड बाजारात सर्रास मिळतात. मला एच८१ चा २६०० ला मिळाला. वर नवा एसएमपीएस ३२०० चा. पाच हजार आठशेत पीसी चालू, मी खूश, बायकोला म्हणालो बघ.

दीड महिन्यात अधूनमधून अडकायला लागला, मग निळा स्क्रीन, मग डिस्प्लेच बंद. बोर्ड गेला की अर्धवट मेलेल्या रॅमने त्रास दिला ते मला आजही नक्की सांगता येणार नाही, आणि तोच खरा मुद्दा आहे. विजेतून वाचलेली वस्तू आज चालली म्हणून ठणठणीत आहे असं नसतं, ती जखमी होऊन आठवड्या-महिन्याने जाऊ शकते, आणि मग दुकानदार म्हणतो तुमच्या रॅमने बोर्ड घालवला, आपण म्हणतो तुमचा बोर्डच तसला. दोघंही सिद्ध करू शकत नाही.

आणि समजा टिकलाच असता, तरी काय? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये ढोबळमानाने २००० च्या मालिकेपासून पुढचे. चौथ्या पिढीवर जुगाड करून ११ टाकतात लोक, पण अपडेटचं कायम डोक्याला ताप. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकायची तयारी असेल आणि घरात फक्त ब्राउझर, टायपिंग आणि यूट्यूब असेल तर हा मार्ग अजूनही सगळ्यात स्वस्त आहे हे कबूल, पण ज्याला टॅली किंवा मुलांच्या कॉलेजची सॉफ्टवेअरं लागतात त्याने इथे पैसे टाकू नयेत.

रिफर्बिश्ड ऑफिस पीसी

मी शेवटी इथे आलो. कंपन्यांमधून तीन-चार-पाच वर्षांनी निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि दिल्लीत नेहरू प्लेसला याचे ढीग असतात, आणि आता तालुक्याच्या गावातही कोणी ना कोणी आणून विकतोच. मला आय५ ८५०० वाला, १६ जीबी रॅम आणि २५६ ची एसएसडी, साडेचौदा हजारात मिळाला. सहा कोर, आठवी पिढी, म्हणजे विंडोज ११ रीतसर चालतं, आणि अशा मशीनमध्ये बऱ्याचदा विंडोजचं लायसन्स बोर्डातच बसवलेलं असतं, वेगळं घ्यावं लागत नाही. नवीन जोडताना हा खर्च कोणी धरतच नाही, मग क्रॅक टाकतात.

खरेदी करताना एक ट्रिक सगळीकडे चालते, "आय७ आहे साहेब". आय७ कुठल्या पिढीचा ते विचारा. आय७ ३७७० म्हणजे २०१२ चा, तिसरी पिढी. नंबरातले शेवटचे तीन आकडे झाकले की पुढे उरतं ती पिढी, ३७७० मध्ये ३, ८५०० मध्ये ८, १२१०० मध्ये १२. २०२२ चा साधा आय३ १२१०० घ्या, त्या आय७ इतकेच चार कोर आणि आठ थ्रेड, पण कामाला त्याच्या कितीतरी पुढे. ऑप्टिप्लेक्समध्ये ३०५०, ५०५०, ७०५० हे सहाव्या-सातव्या पिढीचे, आणि ३०६०, ५०६०, ७०६० आठव्या पिढीपासूनचे. एका आकड्याचा फरक, पण विंडोज ११ ची रेषा बरोबर त्यांच्यामधून जाते. सातव्या पिढीचे मशीन दोन-तीन हजार स्वस्त का मिळतात ते यातच आलं.

आता याची खोड, जी मला घेतल्यानंतर कळली. या मशीनचा एसएमपीएस साधा नसतो. डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बोर्डावर नेहमीचा २४ पिनचा जोड नसतो, त्यांचा स्वतःचा वेगळा असतो, आणि लहान कॅबिनेट असेल तर एसएमपीएसचा आकारही वेगळा. म्हणजे पुढच्या वळवात परत एसएमपीएस उडाला तर गावातल्या दुकानातला बाराशेचाही बसणार नाही आणि तीन हजाराचाही बसणार नाही, तोच मागवा नाहीतर कन्व्हर्टर वायरचा जुगाड करा. विजेमुळेच नवा पीसी घेणाऱ्याने हे आधी विचारात घ्यायला पाहिजे की नाही? मी नव्हतं घेतलं. तसंच बारक्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक कार्ड फक्त बुटकं बसतं. गेम खेळणारं कोणी घरात असेल तर टॉवर साईजचं बघा किंवा हा नादच सोडा.

वॉरंटी मला तीन महिने मिळाली. पहिल्या आठवड्यातच दिवसभर चालवून बघा, सगळे यूएसबी पोर्ट एकेक करून तपासा, एसएसडी किती तास चाललीये ते क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं.

नवा सेट

मे मध्येच मी याचंही कोटेशन घेतलं होतं. आय३ १२१०० चे १०,५००, एच६१० चा डीडीआर४ वाला बोर्ड ६,२००, ८ जीबीच्या दोन स्टिक ३,६००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी ३,०००, एसएमपीएस ३,२००. एकूण २६,५००, कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर जुनेच, विंडोज वेगळं. रिफर्बिश्डपेक्षा बारा हजार जास्त. त्या बदल्यात प्रोसेसर आणि बोर्डाला तीन वर्षांची वॉरंटी, कुठल्याही दुकानातला एसएमपीएस बसतो, आणि त्याच बोर्डावर पुढे आय५ टाकता येतो. सहा-सात वर्षं वापरणार असाल तर हे पैसे मला जास्त वाटत नाहीत. मी का नाही घेतला? कारण पाच हजार आठशे आधीच घालवले होते, एवढंच. पहिल्याच दिवशी नीट विचार केला असता तर त्यात थोडे घालून कदाचित इथेच थांबलो असतो.

एक सावधगिरी. नावाच्या शेवटी एफ असलेला इंटेलचा प्रोसेसर, जसा १२१००एफ, दोन-तीन हजार स्वस्त दिसतो पण त्यात ग्राफिक्स नसतं. तुमचं जुनं ग्राफिक कार्ड विजेत गेलं असेल तर एफ वाला घेऊन डिस्प्लेच येणार नाही. रायझनमध्ये बिनकार्डाचं चालवायचं तर नावाच्या शेवटी जी असलेले बघा, ५६००जी वगैरे. ५५०० आणि ५६०० ला कार्ड लागतं. आणि रायझनच्या नव्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५ रॅम चालते, म्हणजे घरात डीडीआर४ वाचलेली असेल तर तिचा उपयोग शून्य.

भाचीचं गणित वेगळं का आलं

ऑक्टोबरात भाचीचा फोन, "मामा, नवीनच घेऊया ना आता, आय सेव्हन." डिप्लोमाला आहे, ऑटोकॅड लागतं, दाजी मागून ओरडत होते की आधी मामाला बघू दे. मी जाऊन बघितलं तर रायझन ३ ३२००जी, २०१९ च्या शेवटी घेतलेला, बी४५० चा बोर्ड, १६ जीबी डीडीआर४. एसएमपीएस आणि बोर्ड गेलेला, बाकी शेजारच्या एका पोराच्या एएम४ बोर्डावर (तिच्या रायझनचं तेच सॉकेट) लावून बघितलं, प्रोसेसर चालला, रॅमवर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्राम) लावली, एकही एरर नाही.

इथे माझ्याच अनुभवावरून मी आधी म्हणालो सगळं टाका. पण फरक आहे. एएम४ सॉकेट २०१६-१७ पासून चालत आलाय आणि त्याचे नामांकित कंपन्यांचे बोर्ड अजून नवे मिळतात, वॉरंटीसकट. ३२००जी विंडोज ११ च्या यादीत आहे. आणि जखमी प्रोसेसर उद्या गेलाच तर त्याच बोर्डावर ५६००जी टाकता येतो, म्हणजे बोर्डाचे पैसे वाया जात नाहीत. माझ्या एच८१ च्या बाबतीत मागे हटायला जागाच नव्हती.

शिवाय रॅम. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव जे चढले, एआयवाल्या डेटा सेंटरनी सगळा माल उचलल्यामुळे, त्यात मे मध्ये अठराशेला मिळणारी ८ जीबीची स्टिक नोव्हेंबरात तीन हजाराच्या पुढे सांगत होते. वाचलेली १६ जीबी डीडीआर४ म्हणजे घरात पडलेले सहा-सात हजार. ती टाकून डीडीआर५ च्या नव्या सेटकडे जाणं मला पटेना. मे मध्ये हाच मुद्दा इतका जड नव्हता, तेव्हा तुम्ही वाचताय त्या दिवशी रॅमचा भाव आधी विचारा आणि मग ठरवा.

बोर्ड घेताना दुकानदार ए५२० चा देत होता, स्वस्त आणि नवा म्हणून. पण ३२००जी नावाला ३००० च्या मालिकेतला असला तरी आतून आधीच्या पिढीचा आहे, आणि ए५२०, बी५५० वर एएमडी त्याला अधिकृत सपोर्ट देत नाही. काही बोर्डांवर चालतो, काहींवर नाही. कंपनीच्या साईटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानदार "चालतंय हो" म्हणाला तरी. आम्ही परत बी४५० च घेतला, साडेपाच हजार, एसएमपीएस ३२००. आठ हजार सातशेत ऑटोकॅड चालू. भाची दोन दिवस रुसली होती.

तर तुमची वाचलेली वस्तू डीडीआर३ ची असेल तर मोह सोडा, आणि रिफर्बिश्ड आठवी पिढी की नवा सेट एवढंच ठरवा. डीडीआर४ ची असेल आणि सॉकेटचा बोर्ड चांगल्या कंपनीचा नवा मिळत असेल तर आधी बोर्ड आणि एसएमपीएस. इंटेलवाल्यांनी इथे जास्त जपून, सहावी-सातवी आणि आठवी-नववी पिढी दोन्हीचं सॉकेट ११५१ च म्हणतात, पण एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या बोर्डावर चालत नाही. एच११० वर ८५०० टाकायला गेलेला माणूस मी बघितलाय.

बोर्ड फेकायच्या आधी आणि नवा लावायच्या आधी

घराचा विमा असेल तर जळालेलं सामान भंगारात देऊ नका. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्या जी भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी देतात त्यात वीज पडणं धरलेलं आहे, आणि घरातलं सामानही त्यात येतं, पण जास्त दाबाने किंवा शॉर्टसर्किटने जळालेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूला, विजेमुळे जळाली तरी, अपवादाचं कलम असतं, तेव्हा क्लेम मिळेलच असं धरू नका. फोटो काढा, दुकानदाराकडून लेटरहेडवर काय जळलंय ते लिहून घ्या, लगेच कळवा. घराच्या कर्जाबरोबर बँकेने गळ्यात मारलेली पॉलिसी कपाटात पडून असते आणि आपल्याला पत्ताच नसतो, दाजींकडे तशीच निघाली.

आणि मेन बोर्डात एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तो जास्त करंटला पडतो, विजेचा झटका त्याच्यातून केव्हाच निघून गेलेला असतो. चारशे रुपयांच्या स्पाईक गार्डमध्ये झटका शोषणारा एक छोटासा भाग असतो, तो छोटे झटके खात खात झिजतो, आणि अर्थिंग नसेल तर तसाही अर्धाच कामाचा. मेन बोर्डात बसवायचा एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, झटका अर्थमध्ये वळवणारा) मिळतो, दोन-तीन हजारात, तो बरा, पण त्यालाही अर्थिंग लागतंच. जवळच वीज पडली तर यातलं काहीही पुरेल याची खात्री नाही, प्लग आणि लॅनची वायर दोन्ही उपसून ठेवणं हाच उपाय. फायबर घेतलं असेल तर काचेच्या तारेतून वीज येत नाही, पण घरातल्या फायबरच्या डबीचा ॲडॅप्टर लाईटवरच असतो हे लक्षात ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये टाका, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर ते आधी सांगतं.

सांगलीत नवा बोर्ड लावायच्या आधी मी दाजींना वायरमन बोलवायला लावला. त्याने भाचीच्या खोलीतला स्विचबोर्ड उघडला तर तीन पिनच्या सॉकेटच्या वरच्या भोकामागे वायरच नव्हती. घर बांधल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं. दाजी म्हणाले, "अरे, मला वाटलं ते भोक नुसतं प्लग नीट बसावा म्हणून असतं." वायरमनने खालून अर्थची वायर ओढून जोडून दिली, साडेचारशे घेतले.